तारीख आधी बघा, पैसे मग भरा: व्हिसा आणि नागरिकत्वावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही एवढंच छापलं होतं की परदेशी शिक्षण, नोकरी, व्हिसा, नागरिकत्व याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पत्रं नि मेसेज इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींनी पासपोर्टचे, व्हिसाचे फोटो पाठवले. असं करत जाऊ नका हो, आम्हालाही पाठवू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भेटलेल्या एजंटला तर अजिबातच नाही. सगळी पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली की नियम काय आहे हे लोकांना कुठून ना कुठून कळलेलं असतं, पण तो कोणत्या तारखेपासून आणि कुणाला लागू आहे हे कुणालाच धड माहीत नसतं, आणि एजंट लोक नेमका त्याच्यावरच धंदा करतात.

प्रश्न : ताई, माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअर, दोन वर्षं नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी केली, आता अमेरिकेत एमएसला अ‍ॅडमिशन मिळाली. बँक ४५ लाख द्यायला तयार आहे पण घर गहाण ठेवावं लागेल. ऑफिसमधले म्हणतात एक लाख डॉलर फी लागली, आता तिकडे भारतीयांना कोणी नोकरी देत नाही. कन्सल्टन्सीवाले म्हणतात काहीच फरक पडत नाही, बिनधास्त पाठवा. खरं काय? (एक वडील, त्रिमूर्तीनगर)

दादा, दोघंही अर्धंच सांगताहेत. एक लाख डॉलरची गोष्ट खरी आहे, म्हणजे आपले जवळजवळ नव्वद लाख रुपये. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी सही केली आणि २१ सप्टेंबरपासून लागू झालं. पण कुणाला लागू? ती फी कंपनीनं भरायची, ती पण नव्या एच-१बी, म्हणजे तिथं नोकरी करायच्या व्हिसाच्या, अर्जावर, आणि ज्याच्यासाठी अर्ज करायचा तो माणूस अमेरिकेच्या बाहेर असेल तर. म्हणजे मिहानमधल्या एखाद्या पोराला इथून थेट तिकडे न्यायचं तर कंपनीला नव्वद लाख मोजावे लागतील, आणि कोणती कंपनी मोजणार, तो रस्ता जवळपास बंदच झाला म्हणा. पण जो तिथंच स्टुडंट व्हिसावर शिकतोय आणि तिथं राहूनच एच-१बीवर जातोय त्याला ही फी नाही, हे तिथल्या इमिग्रेशन खात्यानं २० ऑक्टोबर २०२५ ला स्पष्ट केलं. ज्यांच्याकडे आधीपासून एच-१बी आहे त्यांच्या रिन्यूअललाही नाही. आणि मुळात तो हुकूम एका वर्षासाठी काढलेला, वाढवला तर वाढेल. तुमच्या मुलीला एच-१बी लागेल २०२८ च्या पुढेमागे, तेव्हा काय नियम असेल हे आज ना ऑफिसमधला माणूस सांगू शकत ना कन्सल्टन्सीवाला.

काळजी करायचीच तर ती दुसऱ्या एका गोष्टीची करा, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. एच-१बीच्या वर्षाला ६५ हजार जागा आणि तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी वर २० हजार, बस. अर्ज याच्या कितीतरी पट येतात म्हणून लॉटरी काढतात. आतापर्यंत लॉटरीत सगळे सारखे होते, नवखा पोरगा काय नि पंधरा वर्षं काम केलेला काय, चिठ्ठी एकच. २७ फेब्रुवारी २०२६ पासून ते बदललं. पगाराच्या चार लेव्हल आहेत, सगळ्यात वरच्या लेव्हलवाल्याचं नाव चारदा टाकणार आणि सगळ्यात खालच्याचं एकदाच. कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं साहजिकच खालच्या लेव्हलला असतात. म्हणजे लाख डॉलरची फी तुमच्या मुलीला लागणार नाही कदाचित, पण लॉटरीत नाव निघायची शक्यता तिच्या आधी गेलेल्या मुलांपेक्षा कमी झाली, आणि लोन काढताना हिशोबात धरायची गोष्ट ही आहे. कॉम्प्युटरवाल्यांना शिक्षणानंतर १२ महिने आणि वर २४ महिने असं मिळून तीन वर्षं ओपीटीवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करता येतं, तेवढ्यात लॉटरीचे तीन चान्स मिळतात. नाही लागला तर परत यायचं. आणि लागला तरी ग्रीन कार्ड हा वेगळाच विषय, कारण कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर देत नाहीत, आणि आपली माणसं इतकी की दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचे नंबर आता लागताहेत.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पोरीला पाठवा, पण घर गहाण ठेवायच्या आधी एका कागदावर हे लिहा की ती तीन वर्षांनी परत आली आणि इथं नोकरीला लागली तर त्या पगारात हप्ता निघतो का. निघत असेल तर डोळे झाकून पाठवा, निघत नसेल तर कमी फीचं विद्यापीठ बघा, चांगली सरकारी विद्यापीठं तिकडेही आहेत. कन्सल्टन्सीला विचारा की त्या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का, तोंडावर विचारा, लाजू नका. आणि मुलीला सांगा की व्हिसाच्या अर्जात सोशल मीडियाचे सगळे अकाउंट द्यावे लागतात आणि जून २०२५ पासून ते पब्लिक ठेवावे लागतात, म्हणजे मुंबईला बीकेसीत इंटरव्ह्यूला जायच्या आदल्या रात्री घाईघाईत काही डिलीट करत बसण्यापेक्षा आत्ताच सगळं नीट बघून घेतलेलं बरं.

प्रश्न : मॅडम, कॅनडात डिप्लोमाला जावं म्हणतो, प्रायव्हेट कॉलेज आहे, एजंट म्हणतो पीआर पक्कं, लग्न झालंय तर बायकोला पण वर्क परमिट मिळेल. (हिंगणा)

पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी, पक्कं म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा, एवढं एकच उत्तर दिलं तरी चालेल, पण कारणं सांगते. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थ्यांवर मर्यादा आणली आणि दरवर्षी कमी करत नेली, २०२६ साठी बाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांचा आकडा १ लाख ५५ हजार ठेवलाय, सगळ्या जगातून मिळून. आपल्या मुलांना लवकर व्हिसा देणारी एसडीएस स्कीम ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. खात्यात दाखवायचे पैसे पूर्वी १० हजार डॉलर होते ते आता २२,८९५ कॅनेडियन डॉलर, फी सोडून. आणि तुमच्या बायकोचं म्हणाल तर जानेवारी २०२५ पासून ओपन वर्क परमिट मुख्यतः अशांच्या जोडीदाराला मिळतं जे १६ महिने किंवा जास्तीचं मास्टर्स करताहेत किंवा पीएचडी नाहीतर ठरावीक प्रोफेशनल डिग्री करताहेत. तुमच्या डिप्लोमाला ते लागू नाही. उलट सरकारी विद्यापीठात मास्टर्सला गेलात तर १ जानेवारी २०२६ पासून प्रांताचं जे पत्र लागतं तेही नको. म्हणजे तिकडच्या सरकारनं दार मास्टर्सवाल्यांसाठी ठेवलंय आणि एजंट अजून जुन्या डिप्लोमावरच पैसे मागतोय. भाऊ, त्याला एक रुपया देऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीनं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, तीन वर्षं हॉस्पिटलात काम करते. ब्रिटनला केअर वर्कर म्हणून नेतो म्हणून एक जण १६ लाख मागतोय, म्हणतो स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं. दागिने मोडायची तयारी केली आहे. (एक आई, मानेवाडा)

काकू, दागिने आधी लॉकरमध्ये परत ठेवा. ब्रिटननं परदेशातून केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी लोकांची देखभाल करणारे, घेणं २२ जुलै २०२५ पासून बंद केलं. बंद म्हणजे बंदच, त्या तारखेच्या आधी जे तिथं होते त्यांच्यासाठी थोडी सवलत ठेवली पण भारतातून नवीन अर्ज होत नाही. तेव्हा तो माणूस तुम्हाला अशी वस्तू विकतोय जी अस्तित्वातच नाही. आणि चालू होतं तेव्हाही स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट विकायची गोष्ट नव्हती, ते नोकरी देणाऱ्यानं द्यायचं असतं, त्याचा खर्च कामगाराकडून वसूल करायला २०२४ च्या शेवटापासून तिथं मनाई आहे. कितीतरी मुलींनी असे लाखो रुपये भरले, तिथं गेल्यावर कळलं की कंपनीचं लायसन्सच रद्द झालंय. मला हे लिहितानाही राग येतो, कारण ज्या घरातून हे पैसे जातात त्या घरात दुसरं काही शिल्लक नसतं.

पण मुलगी तुमची नर्स आहे, केअर वर्कर नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. रजिस्टर्ड नर्सचा रस्ता ब्रिटनमध्ये अजून उघडा आहे, तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, इंग्रजीची ओईटी किंवा आयईएलटीएस द्यायची, एक कॉम्प्युटरवरची परीक्षा इथं आणि एक प्रात्यक्षिक तिथं. खर्च येतो, पण त्यात कुठंच १६ लाख एजंटला द्यायचा टप्पा नाही, उलट उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत असा तिथल्या भरतीचा नियम आहे. दुसरं म्हणजे जर्मनीचा विचार करा. त्यांना माणसं हवी आहेत आणि ते उघडपणे सांगतात, भारतातल्या कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजार करू असं त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, आपल्या महाराष्ट्र सरकारचाही बाडेन-वुर्टेनबर्ग या त्यांच्या राज्याशी करार झालाय. अट एकच आणि ती कठीण आहे, भाषा. वर्ष-दीड वर्ष मन लावून जर्मन शिकावी लागते, शॉर्टकट नाही. पण १६ लाखांच्या पुढे ती फी काहीच नाही, आणि शिकलेली भाषा कुणी काढून घेत नाही.

प्रश्न : प्रतापनगरला आमच्या वरच्या मजल्यावर एक आफ्रिकन विद्यार्थी भाड्यानं ठेवलाय, मुलगा चांगला आहे. शेजारी म्हणतात नवीन कायद्यात घरमालकाला पकडतात. खरं का?

मुलगा ठेवल्याबद्दल कुणी पकडत नाही, कळवलं नाही तर मात्र अडचण येते. इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट २०२५ हा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे, पण परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत कळवायचं हे त्याच्या आधीपासूनच होतं, लोक त्याला सी-फॉर्म म्हणायचे, लॉजवाले भरायचे आणि घरमालक भरायचे नाहीत एवढंच. ऑनलाइन भरता येतो, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी लागते. शिवाय भाड्याने दिल्याची पोलीस स्टेशनची नोंद वेगळी, ती आपल्या माणसालाही लागते. मुलाचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यावर १४ दिवसांत त्याला स्वतःलाही नोंदणी करावी लागते, बहुतेक कॉलेजनं करून घेतली असेल, विचारून बघा. आणि शेजाऱ्यांना सांगा की कागद नीट असलेला माणूस हा पाहुणा आहे, त्याच्याकडे बघून दारं लावायची गरज नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही सिंधमधून २०१६ ला आलो, जरीपटक्यात राहतो, लाँग टर्म व्हिसा आहे, छोटं दुकान आहे. माझे वडील फाळणीच्या आधी शिकारपूरला जन्मले, मी १९७९ ला पाकिस्तानात. मोठा मुलगा तिकडचा, आता १६ वर्षांचा, लहान मुलगी २०१९ ला इथं नागपुरात झाली. लोक म्हणतात सप्टेंबरमध्ये कायदा आला, २०२४ पर्यंत आलेल्या सगळ्यांना नागरिकत्व मिळणार. सीएएचा फॉर्म भरू का?

हा प्रश्न एकट्या जरीपटक्यातून बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून नीट सांगते, आणि हे पान कापून ठेवा. तुम्ही लोक दोन वेगवेगळ्या तारखा एकत्र करताय. सीएए, म्हणजे २०१९ चा नागरिकत्वाचा कायदा ज्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले, तो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे. तुम्ही २०१६ ला आलात, तुम्हाला तो लागू नाही, तो फॉर्म भरू नका. सप्टेंबर २०२५ ला जे आलं ते नागरिकत्व नाही. तो आदेश एवढंच म्हणतो की अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांकडे पासपोर्ट-व्हिसा नसला किंवा संपला तरी वरच्या उत्तरातल्या नव्या इमिग्रेशन कायद्याखाली खटला भरणार नाही. जेल होणार नाही एवढाच त्याचा अर्थ, पासपोर्ट मिळणार असा नाही. याच्यावरून सर्टिफिकेट काढून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

आता तुमचा खरा रस्ता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ५ आहे, त्यात भारतीय वंशाचा माणूस सात वर्षं इथं राहिला तर नोंदणीनं नागरिक होऊ शकतो. आणि भारतीय वंशाचा कोण, तर जो स्वतः किंवा ज्याची आई किंवा वडील अखंड भारतात जन्मले. शिकारपूर तेव्हा अखंड भारतातच होतं ना! म्हणजे तुमच्या वडिलांच्या जन्माचा कागद हाच तुमचा सगळ्यात मोठा कागद आहे, तो शोधा, जपा, कॉपी काढून ठेवा. सात वर्षांचा हिशोब असा की अर्जाच्या आधीचे १२ महिने सलग इथंच पाहिजे आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांतली किमान सहा वर्षं इथं काढलेली पाहिजेत. मधे लग्नाकार्याला तिकडे जाऊन राहिला असाल तर ते दिवस वजा होतील. अर्ज ऑनलाइन भरून पुढचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून होतं. बायकोच्या आईवडिलांपैकी कुणी फाळणीच्या आधीचं असेल तर तिचाही अर्ज याच कलमात बरोबरच टाका.

मुलांचं मात्र लक्ष देऊन वाचा. मुलगी नागपुरात झाली म्हणून ती आपोआप भारतीय नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर इथं जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांपैकी निदान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. तुम्ही नागरिक झालात की अल्पवयीन मूल म्हणून तिची नोंदणी होईल. मुलगा १६ चा आहे, तो १८ चा व्हायच्या आत तुमचं झालं तर त्याचंही तसंच. १८ उलटले की दुसऱ्या उपकलमात जावं लागतं, तिथं आईवडील दोघांचीही नोंदणी झालेली असावी लागते. म्हणून मी म्हणते घाई करा, दुकान एक दिवस बंद राहिलं तरी चालेल. आणि लाँग टर्म व्हिसा एक दिवसही संपू देऊ नका, कारण मुदत संपून राहिलेल्या माणसाला हे कलम ५ चं दारच बंद होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा जरीपटक्यात किती घरांत झोप उडाली असेल याची कल्पना आहे मला, पण हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा तेव्हाही चालूच राहिले, ते याच कागदामुळे.

प्रश्न : मी एमए राज्यशास्त्र करतेय. भारताला स्वतःचं असं राष्ट्रीय स्थलांतर धोरण आहे का? नवीन कायदा म्हणजे धोरण समजायचं का? (रामबाग)

बाळा, प्रश्न छान आहे आणि उत्तर नाही असंच आहे. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानं चार जुने कायदे गुंडाळले, १९२० चा पासपोर्टवर प्रवेशाचा, १९३९ चा परदेशी लोकांच्या नोंदणीचा, १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट आणि २००० चा विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा. पहिले तिन्ही इंग्रजांच्या काळातले, म्हणून एकत्र केले ते बरंच झालं असं मला वाटतं. शिक्षा वाढल्या, कागदाशिवाय आलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, खोटा पासपोर्ट-व्हिसा वापरला तर दोन ते सात वर्षं आणि एक ते दहा लाख दंड. मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र आधीसारखीच त्या माणसावर ठेवली, आणि गरीब, अडाणी, कागद पुरात वाहून गेलेल्या माणसाला हे किती जड जातं ते आपण बघतो, तेव्हा इथं बदल व्हायला हवा होता.

पण धोरण म्हणजे कुणाला, किती, का यायला द्यायचं आणि जीव वाचवायला पळून आलेल्याचं काय करायचं, हे लिहून ठेवणं. ते आपल्याकडे नाही. १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरी आपण माणसं ठेवून घेतली हे पण खरं. लांब कशाला, आपल्या विदर्भात बघ. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत १९७२ पासून आहे. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं सरकारनंच वसवली, आता त्यांची तिसरी-चौथी पिढी भात पिकवते आणि मराठी बोलते. हे सगळं त्या त्या वेळच्या सरकारी आदेशांवर झालं. नव्या व्यवस्थेतही तेच, नेपाळ-भूतानच्या लोकांना सूट, नोंदणी असलेल्या तिबेटींना सूट, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना सूट, प्रत्येकासाठी एक आदेश आणि एक तारीख. आदेश सरकार एका सहीनं काढतं आणि एका सहीनं मागे घेतं, कायदा तसा बदलता येत नाही. म्हणून निर्वासित कोण हे कायद्यात लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते धर्म बघून नाही, जिवाला धोका बघून.

जाणाऱ्यांचंही तसंच. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी अजून १९८३ चाच कायदा चालतो, तो बदलायचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी मांडला. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर तो मसुदा वाच, आणि वाचताना बघ की फसवल्या गेलेल्या कामगाराला भरपाई कोण देणार हे त्यात कुठं आहे.

प्रश्न : काटोलजवळ आठ एकर संत्र्याची बाग आहे. एकुलता मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, ओसीआय कार्ड आहे. गावातले म्हणतात आता जमीन सरकारजमा होईल. जिवंतपणीच त्याच्या नावावर बक्षीसपत्र करून देऊ का?

काकाजी, बक्षीसपत्र करू नका! मुद्दाम जोरात सांगते, कारण घाबरून लोक हेच करतात आणि त्यातच अडकतात. ओसीआयवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. पण भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारसा हक्कानं मिळाली तर ठेवता येते. म्हणजे तुमच्यानंतर वारस म्हणून त्याचं नाव सातबाऱ्यावर चढू शकतं, सरकारजमा वगैरे काही होत नाही. मात्र पुढं त्याला विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. काटोलच्या चांगल्या वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या आणि बागेकडे कोण बघणार हे त्यातच लिहा. मुलाला विचारा की भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला का, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, ओसीआय हा आयुष्यभराचा व्हिसा आहे, त्यावर मतदान करता येत नाही. इथल्या मतदार यादीत नाव राहिलं असेल तर काढून घ्या.

प्रश्न : ताई, माह्या लहान भावानं आठवीनंतर आयटीआयले वेल्डरचा ट्रेड केला. आता एक एजंट म्हनते का व्हिजिट व्हिसावर दुबईले जाय, तिथं गेल्यावर कंपनी वर्क व्हिसा करून देते. सव्वा लाख मांगते. द्याचे का? (कामठी)

नाही द्यायचे भाऊ, आणि त्याला व्हिजिट व्हिसावर तर अजिबात चढू देऊ नको. दहावी नसलेल्याचा पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान धरून १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते. दोन वर्षांचा आयटीआय असता तर सूट मिळाली असती, पण वेल्डरचा ट्रेड एकाच वर्षाचा, म्हणून त्याला परवानगी लागणारच. ही परवानगी चुकवायलाच एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतात, आणि तिथं गेल्यावर पगार बुडाला की तक्रार करायला जागाच राहत नाही, कारण कागदावर तू फिरायला गेलेला असतोस.

ई-मायग्रेट नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यात एजंटचा लायसन्स नंबर टाकून बघ. नंबर सांगायला टाळाटाळ केली तिथंच समजून जा. लायसन्सवाल्या एजंटला सेवेचे ३० हजार आणि त्यावर जीएसटी, याच्या वर घेता येत नाही, म्हणजे सव्वा लाख कशाचे ते त्यालाच विचार. परवानगी घेऊन गेला तर प्रवासी भारतीय विमा होतो, दहा लाखांचा, तीनएकशे रुपयांत. कॉन्ट्रॅक्टमध्ये पगार, ओव्हरटाइम, खोली, परतीचं तिकीट हे सगळं लिहिलेलं पाहिजे आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचं, सही मग करायची. वेल्डर लोकांना तिकडे काम भरपूर आहे, चांगल्या मार्गानं गेला तर घर उभं राहील. त्याला जमत असेल तर आधी दहावी बाहेरून काढायला लाव, पासपोर्टवरचा ईसीआर शिक्का निघेल आणि पगारही जास्त मागता येईल. जाताना पासपोर्ट, व्हिसा आणि कॉन्ट्रॅक्टच्या कॉपी तुझ्याजवळ ठेवून घे.